रेशनवरची मिलो कुणाच्या सोयीने आली?

प्रश्न : १९६६ साली आम्हाला रेशनवर लाल मिलो मिळायची. तिच्याच भाकरीवर दिवस काढले. अमेरिकेने ते धान्य दयेपोटी दिलं, की स्वतःच्या सोयीसाठी?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली ज्वारी, म्हटलं की मला आईची परात दिसते. त्या पिठाला चिकटाई म्हणून नव्हती. आधणाचं पाणी घालून मळलं तरी भाकरी थापताना कडेने चिरत जायची. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. पुढे कॉलेजात अर्थशास्त्र शिकवताना ‘पीएल-४८०’ हा अमेरिकेचा धान्यमदतीचा कायदा आला, की ती परात डोळ्यांपुढे यायची.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर कॅन्सससारख्या राज्यांतल्या शेतांपासून सुरू होतं. शेतमालाचे भाव पडू नयेत म्हणून अमेरिकी सरकार हमीभाव द्यायचं आणि न खपलेला माल त्याच्याच गळ्यात पडायचा. कोठारं ओसंडली, पण हमीभावाला हात लावला तर शेतकरी मतदार बिथरणार. मग १९५४ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी पीएल-४८० कायद्यावर सही केली. आपल्यासारख्या देशांना डॉलरऐवजी रुपयांत धान्य घेता येऊ लागलं. कायद्याचं नाव बघा : ‘कृषी व्यापार विकास आणि साहाय्य’. साहाय्य शेवटी येतं! त्याच वर्षी दुसऱ्या कायद्याने ठरलं, की असा निम्मा माल तरी अमेरिकी जहाजांतूनच जावा. ती जहाजं महागडी, पण जहाजमालकांचा आणि खलाशांच्या संघटनांचाही संसदेत वट होता. म्हणून एरवी परदेशी मदतीला नाकं मुरडणारे खासदारही या मदतीला हात वर करत.

तुम्ही म्हणता त्या १९६६ पर्यंत तिथले साठे घटत आले होते. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन लांब मुदतीचा करार न करता थोडं थोडं धान्य सोडू लागले. भारताने शेती सुधारावी हा त्यांचा आग्रह होता, आणि व्हिएतनामवरची आपली टीकाही त्यांना झोंबली होती. इथे दुष्काळ, आणि पुढचं जहाज कधी सुटणार ते वॉशिंग्टनमध्ये ठरायचं. याचा मला आजही राग येतो. त्या धान्याने माणसं जगली, हेही तितकंच खरं. मीही त्यातलीच.

पुढे धाकटे बुश यांनी सुचवलं, की या मदतीचा काही पैसा भुकेल्या देशांच्या जवळपासच धान्य विकत घ्यायला वापरावा. धान्य लवकर पोचलं असतं, स्वस्तही पडलं असतं. अमेरिकी संसदेने ते पुन्हा पुन्हा नाकारलं. विरोधात शेतमालवाले आणि जहाजवाले होतेच, काही मदतसंस्थाही होत्या.

आई मिलोत मूठभर आपली ज्वारी मिसळायची, मग भाकरी जरा धरायची. तुमच्याकडे काय करत, जरूर कळवा.