अर्धांगवायूनंतर खांदा दुखतो आणि हात उचलत नाही. पुलीचा व्यायाम वाढवावा का?

आपल्या वडिलांना चार महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, डावा हात अजून उचलत नाही, खांदा रात्री ठणकतो, आणि कोणाच्या तरी सल्ल्यावरून दारावर पुली टांगून उजव्या हाताने डावा हात वर ओढण्याचा व्यायाम आपण सुरू केला आहे. तो वाढवावा का, असे आपण विचारले आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझे पहिले सांगणे असे की ती पुली आजच काढून ठेवावी.

खांद्याची खोबण फार उथळ असते. बशीत लिंबू ठेवावे तसा दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यावर टेकलेला असतो आणि भोवतीच्या स्नायूंनी धरून ठेवल्यामुळेच तो जागेवर राहतो. हे स्नायू लुळे पडले की हाताच्या नुसत्या वजनाने गोळा खाली उतरतो आणि खांद्याच्या टोकाखाली बोटाला खाच लागते. शिवाय हात वर जाताना पाठीवरचे फऱ्याचे हाड त्याच्याबरोबर फिरावे लागते. ते फिरत नसताना पुलीने हात वर खेचला, तर मधले स्नायू दोन हाडांत चिमटतात. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या तुलनेत पुली वापरणाऱ्यांपैकी ६२ टक्के रुग्णांना खांदेदुखी जडली, तर थेरपिस्टने स्वतः हात हलवून दिलेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. अमेरिकेतील २०१६ च्या मार्गदर्शक सूचनाही पुलीच्या विरोधातच आहेत.

व्यायामाइतकेच महत्त्व दिवसभर हात कसा हाताळला जातो याला आहे. वडिलांना उठवताना काखेत हात घालून किंवा मनगट धरून ओढू नये. कमरेला आधार द्यावा. (माझ्याकडे येणाऱ्या दुखऱ्या खांद्यांमागे पुष्कळदा घरच्यांची ही प्रेमळ ओढाताणच असते.) सदरा घालताना डावी बाही आधी चढवावी, काढताना ती शेवटी काढावी. बसल्यावर कोपरापासून पंजापर्यंतचा हात उशीवर टेकलेला असावा. हात गळ्यात अडकवण्याची झोळी चालताना वापरावी, पण दिवसभर गळ्यात ठेवल्यास हात छातीशी आखडतो. त्या बाजूची संवेदना कमी असेल, तर गरम पाण्याच्या पिशवीने भाजल्याचे त्यांना कळणारही नाही, म्हणून शेक जपून द्यावा. पंजा सुजलेला, गरम, लालसर आणि स्पर्शही सहन न होणारा असेल, तर मालिश न करता डॉक्टरांना लवकर दाखवावे. ते दुखणे वेगळे असते आणि त्यात दिरंगाई महागात पडते.

हात लुळा नसून ताठ झाला असेल, तर बोट्युलिनमचे इंजेक्शन साधारण तीन महिने ताठरपणा कमी करते. त्याने हात आपोआप कामाला लागत नाही. त्या अवधीत व्यायाम करून घ्यायचा असतो.

हालचाल परत आणण्यासाठी ज्या पद्धतीवर माझा सर्वाधिक भरवसा आहे, तिच्यात चांगल्या हातावर जाड मोजा चढवून दुबळ्या हातालाच काम करायला लावतात. अमेरिकेत २२२ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, झटक्यानंतर तीन ते नऊ महिन्यांनी, दोन आठवडे जागेपणीचा ९० टक्के वेळ मोजा ठेवण्याचे उद्दिष्ट होते आणि त्याचा फायदा वर्षभरानंतरही टिकून होता. मात्र मनगट आणि बोटे स्वतःहून थोडी तरी उघडत असली पाहिजेत, नाहीतर माणूस नुसता वैतागतो. चालताना तोल जात असल्यासही मोजा नको.

तेवढी हालचाल नसेल, तर आरसा वापरून पाहावा: तो छातीसमोर मधोमध, दोन्ही हातांच्या मध्ये, काच उजव्या हाताकडे करून उभा ठेवायचा, डावा हात त्याच्यामागे ठेवायचा आणि उजव्या हाताचे प्रतिबिंब पाहत दोन्ही हात हलवण्याचा प्रयत्न करायचा. हाताचा व्यायाम करून घेणाऱ्या रोबोटच्या महागड्या सत्रांसाठी मात्र मी कर्ज काढायला सांगणार नाही; ब्रिटनमधील ७७० रुग्णांच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१९ साली आले, नेहमीच्या उपचारांपेक्षा त्यांनी हात अधिक सुधारल्याचे दिसले नाही.

तेव्हा आज वडिलांचा हात टेबलावर पालथा ठेवून त्यांना मनगट आणि बोटे उचलायला सांगा, किती उचलतात ते पाहा आणि तेच आपल्या थेरपिस्टला सांगा. मोजा की आरसा, हे त्यावरून ठरेल.