मुलगा पोस्टर बनवतो, नीट पुन्हा द्यायला लावू का?

सेलूहून एका शेतकरी वडिलांचं पत्र आलंय. मुलगा बारावी सायन्स झाला, नीटला मार्क फार कमी पडले. दिवसभर मोबाइलवर वाढदिवसाचे, जयंतीचे पोस्टर बनवतो. फ्लेक्सवाला एका डिझाइनचे दीडशे रुपये देतो. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड होता. ‘लातूरला रिपीटरच्या बॅचला घालू, की या नादातच राहू देऊ?’

नमस्कार दादा,

मुलाला डॉक्टर व्हायचंय, असं तुमच्या पत्रात कुठंच नाही. त्याला ते मनापासून नको असेल, तर लातूरची फी भरू नका. पण मोबाइलवरच्या कामावर थांबूही देऊ नका. तो पोस्टर सजवायला शिकलाय. छापणं आणि विकणं अजून राहिलंय, आणि पोट त्यावर चालतं.

कॉलेजात असताना गॅदरिंगचं पोस्टर मी केलं होतं. स्क्रीनवर झळझळीत निळं आकाश होतं, छापून आलं ते जांभळट. पाचशे प्रती! स्क्रीन प्रकाशातून रंग दाखवते. प्रेसकडे सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शाया असतात, आणि तो निळा त्यांत बसतच नाही. तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं. तुमच्या मुलाला ते आधीच कळावं, म्हणून एवढं सांगतोय. ए-थ्री पोस्टर ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके धरून, छापायचं तर ३,५०८ बाय ४,९६१ पिक्सेल लागतात. १,६०० पिक्सेल लांबीचा फोटो तिथं जेमतेम सव्वापाच इंच पुरतो. फ्लेक्स लांबून बघतात, म्हणून आजवर भागलं. बारीक मराठी अक्षर तर नुसत्या काळ्या शाईतच ठेवायचं. चार रंगांत टाकलं आणि छपाई केसभर सरकली, की अनुस्वाराला रंगीत सावली येते.

म्हणून आधी तीन-चार महिने त्याला परभणीत किंवा जालन्यात एखाद्या ऑफसेट प्रेसवर ठेवा. पगार थोडा मिळाला तरी चालेल. ऑफसेटला आधी छपाईची प्लेट करावी लागते, डिजिटलला लागत नाही. शंभर प्रती असोत की हजार, प्लेटचा खर्च तेवढाच. त्यामुळे थोड्या प्रती डिजिटलवर परवडतात, जास्त ऑफसेटवर. हा हिशेब तिथंच अंगवळणी पडतो.

शिकायचं तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयात उपयोजित कलेची चार वर्षांची पदवी आहे. बारावी कोणत्याही शाखेची चालते. प्रवेशासाठी राज्याची सीईटी असते. तीत वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र येतं, म्हणजे इंटरमिजिएटचा सराव कामी येईल.

विक्रीचं एक बजावून सांगा: नेटवरून उचललेला नटाचा किंवा सिनेमाचा फोटो छापून विकायचा नाही. तो कॉपीराइटचा भंग आहे. आणि डिझाइनचे पैसे छपाईच्या बिलात मिसळू द्यायचे नाहीत. दोन ओळी वेगळ्या.

सुरुवात तुमच्याच रानातून करता येईल. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचं पोस्टर त्याला करू द्या. डोमकळी, म्हणजे अळीमुळे न उमललेलं फूल, कशी दिसते, किडकं बोंड फोडल्यावर आत काय असतं, ते त्याला तुम्हीच दाखवा आणि फोटो त्यानं काढावेत. मजकूर परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशींशी ताडून घ्या. पन्नास प्रती डिजिटलवर छापून त्यानं स्वतः कृषी सेवा केंद्रांत फिरून विकाव्यात. किती खपल्या आणि दुकानदार काय म्हणाले, ते मला नक्की कळवा.