अक्षर चांगलं म्हणून तीच लिहिते

“मॅडम, सरांना तेवढं सांगा की ओ, आमच्या पोरीला गटात बसवू नका. एकटं बसलं तर चार अक्षरं तरी शिकंल पोर.”

मी समुपदेशक. बेळगाव-खानापूर भागातले पालक ही तक्रार घेऊन माझ्याकडे नेहमी येतात. रोख एकच असतो. गट केले की हुशार पोरं सगळं उरकतात, दांडगी पोरं गप्पा हाणतात आणि आमचं पोर मधल्या मध्ये कोरडं राहतं. तक्रार खोटी नाही, हे आधीच सांगते. (ओळख पटेल असे तपशील बदलून यातलीच एक गोष्ट इथं लिहिते.)

ही आई खानापूर तालुक्यातल्या एका गावातून पंचवीसेक किलोमीटर बसनं आली होती. नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. मुलगी सातवीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकली आणि आठवीला बेळगावात इंग्रजी माध्यमात आली. वर्गात मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी पोरं एकत्र. विज्ञानाच्या चाचणीत पंचवीसपैकी नऊ.

मी गटकार्याचे कागद मागितले. सात-आठ कागद निघाले आणि सगळे हिच्याच अक्षरात! अक्षर म्हणजे मोती. खाडाखोड नाही, स्पेलिंग चुकलेलं नाही. पिकांच्या धड्याच्या कागदावर ‘ट्रान्सप्लांटेशन’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

“हे कुणी सांगितलं?”

“लीडरनं.”

“म्हणजे काय?”

ती पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिली.

मग मी विचारलं, “तुमच्याकडं भाताचा तरवा कधी टाकतात?” पोरगी एकदम वर बघायला लागली. तरवा कुठल्या वाफ्यात टाकायचा, रोप किती वाढलं की उपटायचं, चिखलात किती अंतरानं लावायचं, वळीव बरा झाला तर वडील धूळवाफ पेरणी करतात, म्हणजे कोरड्या रानातच बी पेरतात, तेव्हा लावणीचं काम कसं वाचतं, असं दहा मिनिटं चाललं. शेवटी मी तो कागद तिच्यापुढं सरकवला. “हेच ते ट्रान्सप्लांटेशन.” ती आईकडे बघून हसली. आई मात्र हसली नाही. “मग परीक्षेत का लिवलं न्हाईस?” म्हणाली.

इथं माझीही एक चूक झाली. मी पोरीला धीर दिला, “गटात धीटपणे बोलायचं, घाबरायचं नाही.” समुपदेशकांची ही आवडती गोळी. पंधरा दिवसांनी विचारलं तर काडीचा फरक नव्हता. मग सरांशी बोलून वर्गातच जाऊन बसले.

साठ मुलं, बाकावर तिघं. पुढचा बाक मागं वळला की सहा जणांचा गट तयार. लीडर एक चुणचुणीत मुलगा. त्यानं प्रश्न वाचला, हिच्याकडे बघितलं आणि हिचे ओठ हलायच्या आत दुसऱ्याला विचारलं. हिला प्रश्न इंग्रजीतून मराठीत आणायचा, उत्तर मराठीतून इंग्रजीत न्यायचं. तेवढ्यात गाडी पुढच्या स्टॉपला गेलेली. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं 1970च्या दशकात वर्गातली ही शांतता मोजली होती. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबत. तेच तीन सेकंद थांबले की उत्तरं लांब येत आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलत. शिक्षकांची ही गत, मग आठवीतल्या लीडरला काय दोष द्यायचा! हिच्या हातात पेन दिलं की सगळ्यांची सोय होत होती. खरं म्हणजे हिचीही.

दुसरं कारण आकड्यांचं. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्यानं माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता; 1913 साली ते छापून आलं. आठ जण मिळून ओढताना प्रत्येकाचा जोर एकट्यानं ओढताना असतो त्याच्या निम्म्यावर आला. गावच्या रस्सीखेचीत शेवटी कोण नुसता दोर धरून उभा असतो, हे आपल्याला ठाऊक आहेच. सहा जणांना मिळून एकच कागद दिला तर दुसरं काय होणार?

सरांना मी दोनच गोष्टी सुचवल्या. पहिली, प्रश्न टाकल्यावर आधी दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलू द्या, ज्याला जी भाषा येते त्या भाषेत, इंग्रजी नंतर. दुसरी, धडा फोडून वाटा. ही युक्ती एलियट अ‍ॅरनसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 1971 साली टेक्ससमधल्या ऑस्टिन शहरात काढली. तिथं गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि एकमेकांशी पटत नव्हतं. धड्याचा एकेक तुकडा गटातल्या एकेकाला द्यायचा. वेगवेगळ्या गटांतली, पण तोच तुकडा मिळालेली मुलं आधी एकत्र बसून तो पक्का करतात, मग आपापल्या गटात परत जाऊन शिकवतात. शेवटी चाचणी प्रत्येकाची वेगळी. ज्याचा तुकडा त्याच्याकडूनच ऐकावा लागतो, म्हणून लीडरलाही थांबावं लागतं.

सर म्हणाले, “मॅडम, तास चाळीस मिनिटांचा. पोर्शन कोण संपवणार?” बरोबरच होतं. रोज करायचंच नाही, महिन्यात दोन धडे पुरेत, एवढ्यावर आमचं जमलं. पिकांचा धडा उजळणीला घेतला.

पहिल्या दिवशी नुसता गोंधळ झाला. बाक सरकवण्यातच दहा मिनिटं गेली. दुसऱ्या खेपेला हिच्याकडे पेरणी आणि लावणीचा तुकडा आला. शेजारच्या कन्नड मुलीला हिचं मराठी अर्धंच कळत होतं, पण “भात” म्हटल्यावर ती “भत्त?” म्हणाली. मग रोपाला ‘ससी’, लावणीला ‘नाटी’ असं करत दोघींनी मिळून पुस्तकातलं वाक्य उलगडलं. सरांनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्याच आवाजात नवल होतं.

पुढच्या चाचणीत तेरा मिळाले. आईला वाटलं होतं वीस येतील. तिची नाराजी मी समजू शकते. तिला एक काम दिलं. “समजलं का गं?” हे विचारणं बंद करायचं, ते विचारलं की पोरं ‘हो’च म्हणतात. त्याऐवजी, “आज गटात तुझ्याकडं काय होतं? कुणी काय विचारलं?” असं जेवताना विचारायचं. उत्तर आलं नाही तर समजायचं की पोरगी पुन्हा नुसती लिहितेय. तसं सलग महिनाभर झालं तर सरांना भेटायचं, आणि तेव्हाही गटातून काढा म्हणायचं नाही, काम बदला म्हणायचं.

परवा दोघी आल्या होत्या. पोरगी चिडलेली. गटात आता लिहिण्याची पाळी फिरते आणि त्या आठवड्यात ती पाळी लीडरकडे गेली होती.

“त्याचं अक्षर सरांना लागलंच नाही. दोन मार्क कापले आमचे.”

“मग?”

“मग मी उठून सांगितलं काय लिहिलंय ते.”

“कशात सांगितलंस?”

“इंग्लिशमध्ये सुरू केलं. मग मराठीत गेले. मग सर म्हणाले, पुरे, बस खाली.”

“मार्क दिले?”

“एक दिला,” ती म्हणाली. “एक ठेवून घेतला.”