रोज ५० शब्द पाठ करूनही का टिकत नाहीत

बदलापूर–सीएसएमटी प्रवासात रोज ५० इंग्रजी शब्द मराठी अर्थासह पाठ करता, आठवड्याने त्यातले दहाही आठवत नाहीत आणि बँकेची परीक्षा चार महिन्यांवर आली आहे, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या स्मरणशक्तीत काही खोट नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं, की निरर्थक अक्षरं पाठ केली तर तासाभरात निम्म्याहून जास्त पुसली जातात. संदर्भाशिवाय पाठ केलेली यादीही डोक्याला जवळपास तशीच निरर्थक असते.

५० चे ८ करा. आठवड्यातले सहा दिवस नवे शब्द, रविवारी फक्त उजळणी. शेवटचे वीस दिवस नवं काहीही घेऊ नका. तरी सातशेच्या आसपास शब्द पक्के होतात, आणि ते पुरेसे आहेत.

आता मुख्य मुद्दा. एका इंग्रजी शब्दासमोर एकच मराठी अर्थ लिहिणं, इथेच सगळं बिनसतं. ‘फ्रूगल’, ‘थ्रिफ्टी’, ‘स्टिंजी’, ‘पार्सिमोनियस’ या चौघांपुढेही याद्यांमध्ये ‘कंजूष’ लिहिलेलं सापडतं. पण आपण मराठीत काटकसरी माणसाचं कौतुक करतो आणि चिक्कूला नावं ठेवतो ना? पहिले दोन शब्द काटकसरीकडचे, उरलेले दोन चिक्कूकडचे. म्हणून अर्थाशेजारी एक खूण हवीच: अधिक, उणे किंवा तटस्थ. लाँगमनची लर्नर्स डिक्शनरी वापरा. तिच्यात अर्थ सुमारे २,००० साध्या शब्दांतच दिलेले असतात, त्यामुळे एका अवघड शब्दासाठी दुसरा अवघड शब्द शोधत बसावं लागत नाही.

दुसरं म्हणजे शब्दाची सोबत. ‘मिटिगेट’ बहुधा रिस्क, डॅमेज, इम्पॅक्ट यांच्याबरोबर येतो आणि थेट कर्म घेतो. ‘अगेन्स्ट’ लागतो तो ‘मिलिटेट’ला. क्लोझ टेस्टमध्ये, म्हणजे उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा भरायच्या प्रश्नात, नेमकं हेच विचारतात. नुसता ‘सौम्य करणे’ एवढा अर्थ माहीत असणारा तिथे अडकतो. म्हणून प्रत्येक शब्दाचं एक कार्ड करा, पण त्याच्या पुढच्या बाजूला शब्द लिहू नका, गाळलेली जागा असलेलं वाक्य लिहा: ‘द न्यू रूल्स विल ____ द रिस्क ऑफ फायर’, आणि खाली ‘एम’ हे पहिलं अक्षर. मागे शब्द, साधा अर्थ, खूण, दोन सोबती आणि उच्चार. उच्चार वगळू नका. ‘हायपर्बली’ला ‘हायपरबोल’ आणि ‘इपिटमी’ला ‘एपिटोम’ वाचणारे खूप आहेत. मग बातम्यांत तोच शब्द कानावर पडला तरी ओळखू येत नाही आणि फुकटची उजळणी हातची जाते.

मूळ धातू शिकावेत, पण बेतानं. ‘बेनी’ म्हणजे चांगलं, ‘मॅल’ म्हणजे वाईट, ‘लोक्व’ म्हणजे बोलणं, एवढ्यावर पुष्कळ शब्द उलगडतात. मात्र धातूवरून अर्थाचा अंदाज बांधून पुढे जाऊ नका. ‘एनर्व्हेट’ ऐकताना एनर्जी आठवते, अर्थ आहे शक्ती काढून घेणं. ‘नॉइसम’चा आवाजाशी संबंध नाही, तो दुर्गंधीसाठी आहे. ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे निःपक्षपाती. असे फसवे शब्द वेगळ्या वहीत ठेवा. परीक्षेत गुण जातात ते बहुतेक यांच्यावरच.

उजळणी पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी. चुकलं की ते कार्ड पुन्हा पहिल्या दिवसावर. सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७० च्या दशकात कप्प्यांच्या खोक्यातून हीच पद्धत मांडली. फोनवर अंकी हे ॲप तारखांचा हिशेब स्वतः ठेवतं. महिन्याभरानंतर रोज ४० ते ५० कार्डं समोर येतील. लोकलमध्ये एक हात कडीला असताना तेवढंच जमतं, म्हणून गाडीत फक्त उजळणी करा आणि उत्तर मनात पूर्ण आल्याशिवाय कार्ड उलटू नका. नुसतं वाचत गेलात तर सगळं येतंय असं वाटतं, परीक्षेत मात्र आठवत नाही. नवी कार्डं रात्री घरी, स्वतःच्या हातानं. आयता डेक (दुसऱ्याने केलेला कार्डांचा संच) उतरवून घेतला तर निम्मा फायदा जातो.

एखादं कार्ड चार वेळा चुकलं तर ते घोकत बसू नका, वाक्य बदला. तरीही चुकलं, तर बहुधा जवळच्या दिसणाऱ्या दुसऱ्या शब्दाशी घोटाळा होतोय, जसं ‘इंजीनियस’ आणि ‘इंजेन्युअस’. अशा जोडीतला एक शब्द दोन आठवडे बाजूला ठेवा, पहिला पक्का झाल्यावर परत घ्या.