दिवाळीपासून गावठी कोंबड्यांनी अंडी देणं थांबवलंय, खाण्यात काय बदल करू?

तुम्ही लिहिलंय की नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ घरामागच्या मोकळ्या जागेत दीड वर्षाच्या पाच गावठी कोंबड्या आहेत. कणी, शिळी पोळी आणि उरलंसुरलं पोटभर मिळतं, तरी दिवाळीनंतर अंडी जवळजवळ बंद झाली. मधे दोनदा टरफल नसलेलं मऊ अंडं सापडलं. कोंबडा नाही म्हणून असं होतं का, असंही विचारलंय, आणि शेजारी म्हणतात की आता कापून टाका.

कापू नका. दीड वर्ष म्हणजे कोंबडीचं ऐन वय. कोंबड्याचा तर इथे काही संबंधच नाही. अंड्यातून पिल्लू हवं असेल तरच कोंबडा लागतो, एरवी कोंबडी त्याच्याशिवायही तितकीच अंडी घालते.

मी मखमलाबादला राहते. अकरा वर्षं कोंबड्या पाळतेय, आणि जे येतं ते बरंचसं सासूबाईंकडून शिकले. त्यांचं माहेर दिंडोरीकडचं. खाण्याला हात लावण्याआधी त्या एक गोष्ट बघायला लावायच्या: कोंबडी खरंच अंडं घालत नाही, की दुसरीकडे घालून येतेय? मोकळी सोडलेली गावठी कोंबडी लाकडाच्या ढिगामागे, जुन्या टायरमध्ये, कुंपणाच्या घाणेरीत, कुठेही जागा धरते. सासूबाई सकाळी खुराडं उघडताना एकेक कोंबडी काखेत धरून चाचपायच्या. शेपटीखाली दोन हाडं लागतात, त्यांच्या मधे बोटांनी अगदी हलकं दाबलं की टणक अंडं हाताला लागतं. जिला लागलं ती दुपारपर्यंत डालग्याखाली, बाकीच्या बाहेर. तुम्ही चार दिवस हे करून पाहा. जमत नसेल तर दुपारी दोनपर्यंत सगळ्यांनाच आत ठेवा, कारण बहुतेक कोंबड्या तोवर मोकळ्या होतात. खुराड्यात अंधाऱ्या कोपऱ्यात गवत घातलेली एक पाटी ठेवा आणि तिच्यात एक अंडं कायम राहू द्या. ते बघून त्या तिथेच बसू लागतात.

लपवलेली अंडी निघाली नाहीत, तर पहिलं कारण उजेड. कोंबडीचं शरीर दिवसाच्या लांबीवर चालतं. भरपूर अंडी यायला साधारण १४ तास उजेड लागतो, आणि आपल्याकडे नाशिकला डिसेंबरात जेमतेम ११ तास मिळतो. त्यात याच दिवसांत जुनी पिसं झडून नवी येतात. आधी मान उघडी पडते, मग छाती, पाठ, शेवटी पंख आणि शेपटी. तुमच्या अंगणात पिसं पडलेली दिसतात का? पिसं जवळजवळ पूर्ण प्रथिनांचीच असतात, त्यामुळे कोंबडीकडे जे आहे ते सगळं तिकडे जातं आणि अंडं थांबतं. दोन-तीन महिने हे चालू शकतं. काही जण पहाटे बल्ब लावून दिवस मोठा करतात. तेही चालतं, पण दर आठवड्याला अर्धा तास वाढवत न्यायचं, आणि उजेड पहाटेच वाढवायचा, संध्याकाळी नाही. रात्री दिवा अचानक बंद झाला तर दांडीवर न चढलेल्या कोंबड्या अंधारात जिथल्या तिथे अडकतात. मी स्वतः दिवा लावत नाही. वर्षभर देणाऱ्या जिवाला दोन महिने विश्रांती मिळावी असं मला मनापासून वाटतं.

पण तुमचं मऊ अंडं उजेडाचं नाही, ते खाण्याचंच आहे, आणि खरी दुरुस्ती तिथे हवी. तुमच्या कोंबड्या उपाशी नाहीत, पण पोट भरतंय ते चुकीच्या गोष्टीनं. तांदळात प्रथिनं सुमारे ७ टक्के, मक्यात ९ च्या आसपास, बाजरीत ११. अंड्यावरच्या कोंबडीला लागतात १६ ते १८. कणी आणि पोळीवर ती लठ्ठ होते, पण अंड्याला लागणारं पोटात जातच नाही. शिवाय एका अंड्याच्या टरफलाला जवळजवळ २ ग्रॅम कॅल्शियम लागतं, आणि ते धान्यात नसल्यासारखंच असतं. मग कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते, आणि तेही पुरेनासं झालं की टरफलाविना नुसत्या पापुद्र्यातलं अंडं बाहेर पडतं.

म्हणून सकाळी खुराडं उघडल्यावर पहिलं खाणं लेयर मॅशचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी मिळणाऱ्या भरडलेल्या खाद्याचं द्या. दुकानात ‘लेयर’ असं स्पष्ट मागा. ब्रॉयलरचं खाद्य मांस वाढवायला असतं, त्यात टरफलापुरतं कॅल्शियम नसतं. एका कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागतं, म्हणजे पाच जणींना अर्धा किलोच्या थोडं वर. बाहेर किडे-मुंग्या, गवत मिळत असेल तर थोडं कमी. ज्वारी-बाजरी किंवा मका संध्याकाळी, मूठभर, जमिनीवर फेकून. पोटात दाणे असले की थंडीची रात्र सुखाची जाते, आणि माती उकरण्यात त्यांचा तासभर बरा जातो. पिसं येत असतील तेवढे दिवस मीठ न लावलेला सुका जवळा चिमूट-चिमूट द्या. मी बुधवारच्या बाजारातून पावशेर आणते, महिनाभर पुरतो. पुढे पिल्लं घेतलीत तर मात्र त्यांना लेयर मॅश घालू नका. एवढं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही.

शिंपल्यांची भरड वेगळ्या वाडग्यात ठेवा, खाद्यात मिसळू नका. जिला गरज आहे ती आपण होऊन खाते, बाकीच्या ढुंकूनही बघत नाहीत. वाडगा संध्याकाळी भरलेला असावा, कारण आतलं अंडं तयार व्हायला साधारण २५ तास लागतात आणि त्यातले २० टरफल चढण्यातच जातात, बराचसा वेळ रात्रीचा. आमची एक तांबडी कोंबडी दिवेलागणीला बाकीच्या दांडीवर चढल्या तरी खाली थांबते. मान वाकडी करून एकेक तुकडा निरखते, उचलते, टाकते, मोठा बघून गिळते आणि मगच वर जाते. तिचं अंडं दुसऱ्या दिवशी हमखास मिळतं. शिंपले मिळाले नाहीत तर घरातली अंड्यांची टरफलं तव्यावर भाजून बारीक चुरा. तशीच अर्धी-अर्धी टाकलीत तर अंडं फोडून खायची सवय लागते, आणि ती सुटता सुटत नाही. बारीक खडेही हवेत. कोंबडीला दात नसतात, पोटात दाणे भरडले जातात ते या खड्यांनी.

हेही त्या २५ तासांवरून समजून घ्या की रोज अंडं येणार नाही. आज सकाळी आठला घातलं तर उद्या नऊच्या सुमारास, असं पुढे सरकत ती दुपारवर येते आणि मग एक दिवस चुकतो. त्यातून गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालून खुडूक बसते, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसते. पाटीतून उठत नाही, हात नेला की फुगून गुरगुरते. तेव्हा तिला दोन-तीन दिवस तळाशी जाळी असलेल्या हवेशीर पिंजऱ्यात दाणापाण्यासकट ठेवा, की पोट थंड होऊन ती उतरते.

आता आपल्या नाशिकची काळजी. कांद्याच्या पाती आणि साली इथे घरोघर ढिगानं निघतात, त्या कोंबड्यांपुढे टाकू नका. जास्त कांद्यानं त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. फवारणी झालेल्या द्राक्षबागेत किंवा बागेतल्या छाटणीच्या पाल्यावर सोडू नका. घरचं एखादं धुतलेलं द्राक्ष चालतं. उरलंसुरलं म्हणताना मिसळीचं फरसाण, शेव असं खारट जात असेल तर तेही बंद. त्यापेक्षा मेथीचे कोवळे देठ, कोथिंबिरीच्या काड्या, शेवग्याचा पाला द्या, बलकही छान पिवळाधमक येतो.

आणि बुरशी. एका पावसाळ्यात मी पन्नास किलोचं पोतं एकदम घेतलं होतं. तळाला ओल धरून वास येऊ लागला होता, पण थोडंच आहे म्हणून वरचं खाद्य घालत राहिले. दोन कोंबड्या पंख पाडून बसल्या, एक गेली. डॉक्टरांनी सांगितलं, बुरशीचं विष यकृतावर जातं आणि डोळ्यांना दिसत नाही. तेव्हापासून जून ते सप्टेंबर दहा किलोच्या वर आणत नाही, आणि डबा फरशीवर न ठेवता विटांवर ठेवते.

पाणी सावलीत, रोज बदललेलं. कोंबडी खाण्याच्या दुप्पट पाणी पिते, एप्रिल-मेमध्ये त्याहून जास्त. त्या उन्हात धापा टाकल्यानंही टरफल पातळ पडतं, तेव्हा उन्हाळ्यात घाबरून पुन्हा खाद्य बदलू नका, आधी सावली वाढवा.

संक्रांत उलटली की दिवस मोठा होत जातो. तोवर खाद्य सुधारलंत तर जानेवारीच्या शेवटी, फेब्रुवारीत अंडी सुरू व्हायला हरकत नाही. तुऱ्यावर लक्ष ठेवा. आत्ता तो फिका, आखडलेला असेल, अंड्यावर येताना लालभडक होतो. पाठीवर हात ठेवला आणि कोंबडी पळायच्या ऐवजी पंख किंचित पसरून खाली बसली, तर थोड्याच दिवसांत पाटीत अंडं दिसेल. महिनाभर मॅश आणि शिंपले देऊनही मऊ अंडं परत आलं, तर कोणत्या कोंबडीचं ते ओळखून ठेवा आणि तेवढीला पशुवैद्यकाकडे घेऊन जा.