आधी तिला विचार

प्रिय मुली,

तुझा मेसेज परवा रात्री वाचला आणि नंतर झोपच लागली नाही. तुझी ती डेहराडूनला शिकणारी मैत्रीण, वीस वर्षांची, मित्राबरोबर राहते, आणि उत्तराखंडात जानेवारी २०२५ पासून समान नागरी कायद्याखाली लिव्ह-इनची नोंदणी सक्तीची झालीय. ग्रुपमधल्या मुली म्हणाल्या बरंच झालं, तो सोडून गेला तर पोटगी तरी मागता येईल, आणि तुला पटत नव्हतं तरी तू गप्प बसलीस, का तर बोललीस तर फेमिनिस्ट नाहीस असं म्हणतील. गप्प का बसलीस गं?

पोटगीचा मुद्दा खरा आहे, तो मी उडवून लावणार नाही. पण त्याच कायद्यातलं बाकीचंही वाच ना. महिन्याभरात नोंद नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद नाहीतर दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदीचा कागद पोलीस ठाण्यात जाणार. आणि दोघांतलं कुणी एकवीसच्या आतलं असेल तर आईबापांना कळवणार! मतदान अठराला, मुलीचं लग्न अठराला, आणि जी पोरगी बापाच्या धाकानेच घर सोडून आलीय तिचा पत्ता सरकार बापाला देणार. हे सगळं तिच्या भल्यासाठी. तिला विचारलं का कुणी?

मी स्वतः हे विचारलं नव्हतं, म्हणून एवढं बोलतेय. २००५ मध्ये डान्सबार बंद करा म्हणून मी दारोदार सह्या गोळा केल्या, एका बारमध्ये पाऊल टाकलं नव्हतं, तिथे नाचणाऱ्या एका बाईशी दोन शब्द बोलले नव्हते. बंदी आली तेव्हा थ्री स्टार आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट होती, तिथेच डोळे उघडायला हवे होते, नाही उघडले. मग आमच्या बिल्डिंगमध्ये धुण्याभांड्याला एक जण यायला लागली, आधी बारमध्ये होती, दोन मुलं, फी भरता येईना म्हणून मोठीची शाळा सुटली. त्या सह्यांचं मी तिला कधीच सांगू शकले नाही. २००६ मध्ये हायकोर्टाने बंदी रद्द केली, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच कायम केलं, पण तोवर ती कुठे गेली होती कुणास ठाऊक.

त्यानंतर मी असल्या कुठल्याच कागदावर सही केली नाही. जुन्या मैत्रिणी म्हणाल्या, तू सरकारविरोधी झालीस, श्रीमंतांची बाजू घेतेस. नाही घेत. बाईवर हात उचलणाऱ्याला पोलिसांनी धरावंच, कोर्टाने शिक्षा द्यावीच, सरकार त्यासाठीच आहे आणि तेच काम ते धड करत नाही. पण तिने कुठे राहायचं, कशावर पोट भरायचं हे सरकार ठरवायला लागलं की फक्त सासरा बदलला, बाकी काही नाही. लहानपणीच लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंना १८८७ मध्ये कोर्टानेच सांगितलं होतं ना, नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन.

आणि बाईचं बाईला ठरवू द्या म्हणणं हे परदेशातून आलेलं खूळ आहे असं तुला कुणी सांगितलं तर मान्य करू नकोस. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, तिथे मी आईचं बोट धरून गेले होते. पुढे संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, की नवऱ्यांनो, आपणहून जमीन बायकोच्या नावावर करा. सक्ती नाही, दंड नाही. माझ्या बाबांनी दीड एकर केली. ते गेल्यावर काका मोजणी करायला आले तेव्हा आईने काही न बोलता सातबारा पुढे ठेवला, आणि काका चहा न घेता गेले.

म्हणजे कायदा नकोच असं मी म्हणत नाही, ते नीट समजून घे. १९९४ मध्ये महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा दिला, तो बाईच्या हातात काहीतरी देणारा कायदा होता, घे नाहीतर सोड, तुझी मर्जी. हा नोंदणीचा कायदा तिच्या हातातलं काढून घेतो. दोन्हींना स्त्रियांसाठीचा कायदा म्हणतात आणि तुझ्या ग्रुपला फरक दिसत नाही, याचाच मला राग येतो.

आता एक कर. ग्रुपवर वाद घालण्याआधी त्या मैत्रिणीला फोन लाव, तिला नोंदणी हवीय का विचार. ती हो म्हणाली तर फॉर्म भरायला मदत कर, मी एका शब्दाने अडवणार नाही. नको म्हणाली तर चांगला वकील शोधू, पैशाचं मी बघते.

तुझी,
मावशी