डिझेल गाडी चढाला लागली की शिट्टी वाजते, गॅरेजवाले टर्बो बदला म्हणतात. काय करू?

घाई करू नका. तुम्ही लिहिलंय की गाडी डिझेल आहे, ऐंशी हजार किलोमीटर झालेत. जागेवर उभी असताना आवाज नाही, पन्हाळ्याच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये रेस दिली की शिट्टी वाजते, ओढ कमी झालीय आणि मागून काळा धूर येतो. स्कॅनर लावल्यावर पी ०२९९ हा कोड आला आणि त्यावरून टर्बो, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा, गेल्याचं सांगितलं. हेच सगळं माझ्या गाडीला झालं होतं आणि मलाही चाळीस हजारांचा आकडा ऐकवला होता. टर्बो अजून तोच आहे.

त्या कोडचा अर्थ एवढाच की इंजिनाला हवेचा जेवढा दाब हवा तेवढा मिळत नाही. दाब तयारच होत नाही की वाटेत गळतो, हे कोड सांगत नाही. टर्बोपासून इंटरकूलर (दाबलेली गरम हवा गार करणारी जाळी) आणि तिथून इंजिनापर्यंत जाड रबरी होज, म्हणजे पाइप, असतात. त्यातला एखादा चिरला किंवा क्लिप सैल झाली की दाबाची हवा फटीतून सुटते आणि शीळ वाजते. इंजिनाला हवा कमी पडते, डिझेल नीट जळत नाही, म्हणून काळा धूर.

माझं झालं गगनबावड्याला. करूळ घाट चढून वर आलो तेव्हा गाडी अक्षरशः बैलगाडी झाली होती. बोनेट उघडून रेस देऊन बघितलं, काही ऐकू येईना. तिथल्या एका पंक्चरवाल्या मामांनी काही न विचारता होजच्या खालच्या बाजूला बोटं फिरवली आणि काळी झालेली बोटं माझ्यापुढं धरली. "हितनं थुकतंय बघा." वरून होज नव्यासारखा होता. खाली, जिथं तो ब्रॅकेटला घासत होता, तिथं करंगळीएवढी चीर. हाताने दाबल्यावर तोंड उघडायची, सोडली की मिटायची. मामांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून ताणून गुंडाळली, वर दोन क्लिपा मारल्या. त्यावर पंचावन्न किलोमीटर हळूहळू कोल्हापूर गाठलं. (चिकटपट्टी मारू नका, तेल आणि उष्णता लागली की सुटते.)

तुम्हीही होजवर तशीच काळी जागा शोधा. इंजिन बंद करून पूर्ण थंड होऊ द्या, सगळे होज आणि जोड फडक्याने कोरडे पुसा, पन्हाळ्याला एक चक्कर मारा आणि परत गार झाल्यावर बघा. या पाइपांतून थोडं तेल हवेबरोबर जातच असतं. जिथं हवा सुटते तिथं ते बाहेर येतं, त्यावर धूळ बसते आणि ओलसर काळा डाग पडतो. बहुतेक वेळा डागापाशीच चोर सापडतो.

साबणाचं पाणी मारून बघा असं बरेच जण सांगतात. पण गाडी जागेवर चालू असताना टर्बो फारसा दाबच देत नाही, मग बुडबुडे येणार कुठून? माझ्या मिस्त्रींनी उद्यमनगरात काय केलं ते सांगतो. एअर फिल्टरकडचा पाइप काढून टर्बोच्या तोंडाला पीव्हीसीचं झाकण बसवलं, झाकणाला भोक पाडून ट्यूबचा व्हॉल्व्ह लावलेला. इंजिन बंद ठेवून त्यातून पंधरा पीएसआयच्या आत हवा भरली आणि मग साबणाचं पाणी मारलं. चिरेवर फेस आलाच, शिवाय इंटरकूलरच्या दुसऱ्या जोडावरही आला. ती सैल क्लिप एरवी कुणालाच दिसली नसती. हवा मात्र बेताचीच. टायरसारखी तीस-पस्तीस भरली तर झाकण उडून तोंडावर येईल.

होज अडीच हजारांच्या आत आला. बसवताना आतलं तेल पुसून घ्यायला सांगा, नाहीतर पहिल्याच चढाला निसटतो. आणि पाइपाच्या तोंडाशी जी उंच कड असते, तिच्या पलीकडे क्लिप बसली पाहिजे.

होज कोरडे निघाले तरच टर्बोकडे वळा. गार इंजिनावर हवेचा पाइप काढून आतलं पातं बोटांनी हलवा. आडवं किंचित हललं तर चालतं. आत-बाहेर सरकत असेल किंवा पात्यांच्या घासण्याच्या खुणा दिसत असतील, तर गॅरेजवाले बरोबर आहेत. निळा धूर आणि ऑइल कमी होणं हीही त्याचीच लक्षणं.

पेट्रोल गाडीवाले वाचत असतील तर त्यांच्यासाठी: शिट्टी गाडी जागेवर उभी असताना येत असेल, तर ऑइल भरायचं झाकण सैल करून बघा. आवाज लगेच थांबला तर इंजिनातली वाफ परत खेचणाऱ्या व्हॉल्व्हचा पडदा फाटला असण्याची शक्यता जास्त. आणि पावसाळ्यात सकाळी दोन मिनिटं चीं-चीं करून गप्प होणारा तो बेल्ट, त्याचा यात काही संबंध नाही. चालू इंजिनात वाकताना ओढणी, बाह्या सांभाळा. काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरतो.

नवा होज टाकल्यावर चढाला कान देऊन ऐकलंत तर एक बारीक शीळ तरीही येईल. ती टर्बोची स्वतःची, मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो तो. तिच्यासाठी परत गॅरेजला जाऊ नका.